दाबोळी ते लिस्बन : अंतर किती, वेळ किती?

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या तासाला नकाशा भिंतीवर टांगला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. “गुरुजी, येथून अमुक शहर किती दूर?” प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. एक अंतराचा आणि दुसरा वेळेचा. पहिल्याचे उत्तर पृथ्वीच्या आकारावर अवलंबून असते व ते सहसा बदलत नाही. दुसऱ्याचे उत्तर वाहन, वारा, ऋतू, राजकारण आणि घड्याळ या सर्वांवर अवलंबून असते व ते सारखे बदलत राहते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे हिशेब चुकतो, आणि कित्येकदा तो चुकणे महागात पडते. म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊन ते तडीस न्यावे असे आम्ही योजिले आहे. उदाहरण आम्हां गोमंतकीयांच्या इतिहासाशी निगडित आहे : आपला दाबोळीचा विमानतळ आणि पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील विमानतळ.

प्रथम अंतर मोजण्याचे माप ठरवू. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. कोणत्याही वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाच्या ६० मिनिटे, म्हणजे एकूण २१,६०० मिनिटे होतात. ४०,००० ला २१,६०० ने भागले असता १.८५२ येते. पृथ्वीच्या घेरावरील एका मिनिटाएवढे हे जे अंतर, त्यालाच सागरी मैल म्हणतात. १९२९ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याची लांबी १,८५२ मीटर अशी कायम करण्यात आली. नाविक आणि वैमानिक आजही हेच माप वापरतात, याचे कारण उघड आहे : कोन मोजला की अंतर आपोआप हाती येते.

याचा पडताळा घरच्या घरी पाहता येतो. आपल्या गोव्यात आज दोन विमानतळ आहेत. मुरगाव तालुक्यातील दाबोळी १५ अंश २३ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, जेथे जानेवारी २०२३ मध्ये विमानवाहतूक सुरू झाली, तो सुमारे १५ अंश ४४ मिनिटांवर आहे. दोहोंचे रेखांश जवळजवळ सारखेच. तेव्हा अक्षांशांतील फरक २१ मिनिटे, म्हणजे अंतर २१ सागरी मैल, म्हणजेच सुमारे ३९ किलोमीटर झाले. पक्ष्याला एवढेच उडावे लागेल. परंतु मोटारीने जाणाऱ्यास जुवारी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या ओलांडून वळणे घेत जावे लागते. त्याचा रस्ता बराच लांब पडतो. अंतर आणि मार्ग या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा पहिला धडा येथेच मिळाला.

आता लिस्बनकडे वळू. येथे अक्षांशही भिन्न आणि रेखांशही भिन्न. दाबोळी १५ अंश २३ मिनिटे उत्तर व ७३ अंश ५० मिनिटे पूर्व. लिस्बनचा विमानतळ ३८ अंश ४७ मिनिटे उत्तर व ९ अंश ८ मिनिटे पश्चिम. एक पूर्वेस व दुसरा पश्चिमेस असल्यामुळे रेखांशांची बेरीज करावयाची. ती ८२ अंश ५८ मिनिटे होते.

भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ ओढण्याचा मोह होईल. तो आवरावा. पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट आहे. नारिंगाची साल न फाटता मेजावर सपाट पसरता येत नाही, तद्वत पृथ्वीचा पृष्ठभागही कोठे तरी ताणल्यावाचून कागदावर बसत नाही. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे गोलाच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर कापलेले वर्तुळ. त्याला महावृत्त म्हणतात.

ज्यांच्या शाळेत पृथ्वीचा गोल आहे त्यांनी पुढील प्रयोग अवश्य करावा. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या. त्याचा घेर ९४.२ सेंटिमीटर भरेल. एक दोरा गोवा आणि लिस्बन यांवर बोटांनी धरून घट्ट ताणा. ताणलेला दोरा आपण होऊनच सर्वांत आखूड मार्ग शोधतो. त्या दोऱ्याची लांबी सुमारे १९.६ सेंटिमीटर येईल. आता त्रैराशिक मांडा : ९४.२ सेंटिमीटरांस ४०,००० किलोमीटर, तर १९.६ सेंटिमीटरांस किती? उत्तर सुमारे ८,३२० किलोमीटर.

दोऱ्याने काढलेल्या या उत्तराची परीक्षा त्रिकोणमितीने करू. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ज्या आणि कोज्या, म्हणजेच साइन आणि कोसाइन, परिचित आहेत. नियम असा : दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार घ्यावा, दोन्ही अक्षांशांच्या कोज्या आणि रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार घ्यावा, दोहोंची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या मध्यापाशी होणाऱ्या कोनाची कोज्या होय. कोष्टके पाहून आकडे मांडू.

पहिला गुणाकार : ०.२६५३ × ०.६२६४ = ०.१६६२
दुसरा गुणाकार : ०.९६४२ × ०.७७९५ × ०.१२२४ = ०.०९२०
बेरीज : ०.२५८२

ज्या कोनाची कोज्या ०.२५८२ आहे, तो कोन ७५ अंश २ मिनिटे. त्याची मिनिटे केली तर ४,५०२. म्हणून अंतर ४,५०२ सागरी मैल, १.८५२ ने गुणले असता सुमारे ८,३३८ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने काटेकोर मोजणीत थोडा फरक पडतो. परंतु एका दोऱ्याने आणि चार अंकी कोष्टकाने आपण येथवर पोहोचलो, हे काही थोडे नव्हे.

हा ताणलेला दोरा कोणकोणत्या प्रदेशांवरून जातो ते पाहणे मोठे मनोरंजक आहे. गोव्याहून वायव्येस निघून तो अरबी समुद्र ओलांडतो आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीवर येतो. याच होर्मुझवर १५१५ पासून १६२२ पर्यंत पोर्तुगीजांचा ताबा होता, आणि अरबी घोड्यांचा मोठा व्यापार होर्मुझ व गोवा यांच्या दरम्यान चालत असे. पुढे इराणचे आखात, बसऱ्याचा परिसर, इराक, सीरिया, सायप्रसच्या उत्तरेचा समुद्र, तुर्कस्तानचा नैर्ऋत्य कोपरा, एजियन समुद्र, ग्रीस, इटलीचा दक्षिण भाग, सार्डिनिया, मायोर्का, स्पेनमधील वालेन्सिया आणि शेवटी लिस्बन. वालेन्सियाजवळ तो लिस्बनहूनही किंचित उत्तरेस चढलेला असतो व तेथून जवळजवळ नीट पश्चिमेस जातो. उलटपक्षी, होकायंत्राची एकच दिशा कायम धरून कोणी निघाला, तर त्यास सुमारे ४,६०५ सागरी मैल पडतील. म्हणजे सपाट नकाशावरील ‘सरळ’ रेघ शंभर सागरी मैलांनी, अर्थात १९० किलोमीटरांनी लांबची ठरते!

अंतर असे निश्चित झाले. ते पाचशे वर्षांपूर्वीही एवढेच होते आणि आजही एवढेच आहे. आता वेळेचा विचार करू.

वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ रोजी कोझिकोडेनजीक पोहोचला. सुमारे साडेदहा महिने लागले. आफ्रिकेला वळसा घालणारा तो मार्ग आपल्या दोऱ्याच्या दुपटीहून अधिक लांब होता. पुढे गलबतांचा नेम बसला तो मोसमी वाऱ्यांच्या आधारे. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघावे व सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास यावे. गोव्याहून डिसेंबर-जानेवारीत निघून उन्हाळ्यात लिस्बन गाठावे. या वेळापत्रकाचा अर्थ नीट लक्षात घ्या. गोव्यातील रयतेने जानेवारीत राजाकडे एखादे गाऱ्हाणे पाठविले, तर ते त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लिस्बनला पोहोचे. तोवर तेथून निघणारी गलबते केव्हाच गेलेली असत. उत्तर पुढील वर्षीच्या मार्चमध्ये निघे आणि सप्टेंबरात गोव्यास येई. एका प्रश्नास उत्तर मिळण्यास वीस महिने! दरम्यान गाऱ्हाणे करणारा हयात असेलच, याची शाश्वती कोणी द्यावी? शासन आणि रयत यांच्यामध्ये एवढा समुद्र व एवढा काळ असला म्हणजे तेथील अधिकाऱ्याचा शब्द हाच कायदा होऊन बसतो. दूरच्या राज्याचा हा दोष केवळ स्वभावाचा नव्हे, तो अंतराचाही होता.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि वाफेच्या बोटींनी हा प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आणला. १९५५ साली दाबोळीचा विमानतळ सुरू झाला आणि पोर्तुगीज हिंदुस्थानची म्हणून एक विमानकंपनी निघाली. भारताने त्या काळी नाकेबंदी केली असल्यामुळे तिची विमाने कराचीमार्गे जात. पुढे लिस्बनपर्यंत टप्प्याटप्प्याने उड्डाण होई. त्या काळच्या चार इंजिनांच्या डग्लस विमानाचा वेग ताशी ३५० किलोमीटरांच्या आसपास होता. ८,३३८ ला ३५० ने भागा : चोवीस तास केवळ हवेतच! त्यावर मुक्काम, इंधन आणि मार्गातील वळसे यांचा वेळ वेगळा.

१८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. त्याच रात्री तेथे उरलेली दोन पोर्तुगीज विमाने त्या मोडक्या धावपट्टीवरूनच उडून कराचीस निघून गेली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षे जिच्या आज्ञेची वाट पाहिली जात असे, ती राजधानी त्या दिवसापासून आपल्यासाठी केवळ एक दूरचे शहर झाली.

आजच्या जेट विमानाचा वेग हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ८७० किलोमीटर धरू. ८,३३८ किलोमीटरांस ९ तास ३५ मिनिटे लागतील. परंतु हवा स्वतः स्थिर नसते. या अक्षांशांत, विशेषतः हिवाळ्यात, उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. सोयीसाठी सरासरी वारा ताशी ६० किलोमीटर समजू. लिस्बनकडे जाताना तो समोरून येईल; जमिनीच्या तुलनेत वेग ८१० होईल व १० तास १८ मिनिटे लागतील. परतताना तोच वारा पाठीशी येईल. वेग ९३० होऊन ८ तास ५८ मिनिटे लागतील. जाणे-येणे मिळून १९ तास १६ मिनिटे. वारा मुळीच नसता तर १९ तास १० मिनिटे लागली असती. मुलांनो, येथे थांबून विचार करा. जाताना ६० उणे आणि येताना ६० अधिक, तर हिशेब फिटावयास हवा होता. मग ही सहा मिनिटे कोठे गेली? उत्तर असे की, विमान वाऱ्याचा मार अधिक तास सोसते आणि त्याचे साहाय्य कमी तास घेते. वारा जेवढे नेतो तेवढे परत देत नाही. वेगांची सरासरी काढताना जे विद्यार्थी दोन वेग मिळवून दोनाने भागतात, त्यांनी हे उदाहरण वहीत टिपून ठेवावे.

विमान प्रत्यक्षात दोऱ्याच्या रेषेनेच जाईल असेही नाही. २०११ पासून सीरियात यादवी पेटल्यावर अनेक विमानकंपन्यांनी तेथील आकाश टाळले. २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून मोठा वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये हीच गोष्ट पुन्हा घडली. जमिनीवरील भांडणाची किंमत आकाशातील प्रवाशास मिनिटांत आणि तासांत मोजावी लागते.

वाटेत विमान बदलले म्हणजे अंतर फार वाढते, अशी समजूत असते. तिचीही परीक्षा करू. दाबोळी ते दुबई सुमारे १,१९५ सागरी मैल आणि दुबई ते लिस्बन सुमारे ३,३१० सागरी मैल, बेरीज ४,५०५. सरळ अंतर ४,५०२. फरक नगण्य! दुबई आपल्या दोऱ्यापासून फार दूर नाही, हेच त्याचे कारण. तेव्हा विमान बदलण्याने जो उशीर होतो तो अंतराचा नव्हे, खोळंब्याचा होय.

राहिले घड्याळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते; एका अंशास ४ मिनिटे. ८२ अंश ५८ मिनिटांस ५ तास ३२ मिनिटे होतात. गोव्यात सूर्य माथ्यावर आल्यानंतर इतक्या वेळाने तो लिस्बनच्या माथ्यावर येतो. आता सरकारी घड्याळे पाहू. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हिवाळ्यात लिस्बनचे घड्याळ ग्रिनिचबरोबर चालते. फरक साडेपाच तास. सूर्याचा आणि घड्याळाचा फरक इतका जुळावा हे नवलच! कारण असे की, आपली प्रमाणवेळ ज्या ८२ अंश ३० मिनिटे रेखांशावर आधारलेली आहे, त्याच्या पश्चिमेस दाबोळी ८ अंश ४० मिनिटांवर आहे, आणि ग्रिनिचच्या पश्चिमेस लिस्बन ९ अंश ८ मिनिटांवर आहे. दोन्ही गावी सूर्य घड्याळाच्या मागे जवळजवळ सारखाच रेंगाळतो. उन्हाळ्यात मात्र लिस्बनकर आपले घड्याळ एक तास पुढे करतात, व मग फरक साडेचार तासांचा राहतो.

तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या छापलेल्या असतात. समजा, हिवाळ्यात तिकिटावर लिहिले आहे : गोव्याहून पहाटे ४.००, लिस्बनला त्याच दिवशी दुपारी १२.३०. घाईने वाचणारा म्हणेल, साडेआठ तास. वस्तुतः लिस्बनला साडेबारा वाजतात तेव्हा गोव्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. प्रवास चौदा तासांचा आहे.

आता हा सारा हिशेब कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या गावांतून आज शेकडो माणसे पोर्तुगालात आणि इतर देशांत पोटापाण्यासाठी गेलेली आहेत. घरचे वडीलधारे माणूस अत्यवस्थ होते, आणि परदेशातील मुलास निरोप जातो. “विमानाने दहा तासांत येईल,” असे कोणी तरी सांगतो, आणि त्या शब्दावर घरचे लोक वाट पाहू लागतात. आपण कागद-पेन्सिल घेऊन पाहू. लिस्बनमधील घरापासून विमानतळ १ तास; उड्डाणापूर्वी ३ तास; आखातापर्यंत उड्डाण ७ तास १५ मिनिटे; तेथे खोळंबा ३ तास ३० मिनिटे; गोव्यापर्यंत ३ तास १५ मिनिटे; पारपत्राची तपासणी व सामान १ तास १५ मिनिटे; गावापर्यंत मोटार १ तास ३० मिनिटे. बेरीज करा : २० तास ४५ मिनिटे. हवेत साडेदहा तास आणि जमिनीवर सव्वादहा तास! हिवाळ्यात सोमवारी सकाळी ९ वाजता तो लिस्बनच्या घरातून निघाला, तर आपल्या अंगणात मंगळवारी सव्वाअकराला पाऊल ठेवील. तेही निरोप मिळताक्षणी तिकीट हाती आले तर.

असा हिशेब घरात कोणास करता आला, तर किती गोष्टी सुकर होतील! डॉक्टरांशी काय बोलावे, दूरच्या आप्तांस केव्हा बोलवावे, आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच तर अंत्यविधीसाठी किती वेळ थांबावे, हे सारे त्या एका आकड्यावर ठरते. चुकीच्या आशेवर ताटकळणे आणि उगाच निराश होऊन घाई करणे, या दोन्ही दुःखांतून एक अचूक बेरीज माणसाला वाचवू शकते. आणि अशा वेळी घरात शांत चित्ताने बेरीज करणारा बहुधा शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगीच असते.

म्हणून सुट्टीत प्रत्येकाने एक अभ्यास करावा. आपल्या घरातील अथवा शेजारातील जे माणूस सर्वांत दूरच्या गावी असेल, ते गाव गोलावर शोधावे. दोरा ताणून अंतर काढावे. जमल्यास कोज्येच्या नियमाने ताडून पाहावे. रेखांशांवरून वेळेचा फरक काढावा व तो तेथील घड्याळाशी जुळतो की नाही ते पाहावे. न जुळल्यास कारण शोधावे. शेवटी दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडून तो कागद घरी दूरध्वनीजवळ चिकटवून ठेवावा. शाळा उघडल्यावर या वह्या आम्ही आनंदाने तपासू.